माग कोणता?

दरवर्षी वार्षिक अंकाची वेळ आली की विद्यार्थी-संपादक माझ्या मागे लागतात आणि मी एखाद्या संतकवीवर चार पाने लिहून मोकळा होतो, असा आजवरचा परिपाठ आहे. यंदा तो मोडतो आहे. या लेखाचा विषय संगणकाचा आहे, आणि त्यातही अगदी पोटातला : असेंब्ली भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमची ऑब्जेक्ट फाईल कोणत्या फॉर्मॅटमध्ये काढावी? मराठी शिकवणाऱ्या माणसाने या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की ही वाट मला आमच्याच घराच्या माळ्यावर सापडली. शिवाय आमच्या कला शाखेतली पुष्कळ मुले आता संगणकाचे लहानमोठे वर्ग करतात. त्यांतल्या दोघांतिघांनी हाच प्रश्न निराळ्या शब्दांत मला विचारला होता आणि तेव्हा मी हसून वेळ मारून नेली होती.

आमचे जुने घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट, अशा तीन भाषा ऐकत मी वाढलो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, मागावर बसत नसत. ते जेकार्डची कार्डे पंच करीत. नक्षीकाराने चौकटीच्या कागदावर रंगवून दिलेला मोर किंवा वेल समोर लावायची, बोटांखाली कळा, पायाखाली पट्टी. एकेक ओळ वाचायची, कळा दाबायच्या, पाय मारायचा. कोणी बाजाची पेटी वाजवीत असावे तसे ते दुरून दिसे. पंच झालेली कार्डे क्रमाने दोरीत ओवून त्यांची माळ करण्याचे काम आम्हां मुलांचे. शंभर कार्डांना काही आणे मिळत, आणि एखादे कार्ड उलटे ओवले गेले तर पाठीत धपाटाही मिळे.

ज्यांनी हे कार्ड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे. कापडात उभा तो ताणा, आडवा तो बाणा. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की बाण्याचा एक धागा पडतो. त्या वेळी ताण्याचे कोणते धागे वर उचललेले असावेत आणि कोणते खाली राहावेत, यावर नक्षी ठरते. हे सांगण्याचे काम कार्ड करते. कार्डाला जेथे छिद्र आहे तेथे जेकार्डची सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला हूक जागचा हलत नाही आणि वर येणारी पाती त्याला धाग्यासकट उचलून नेते. जेथे छिद्र नाही तेथे सुई मागे ढकलली जाते, हूक पातीवरून सरकतो आणि धागा खालीच राहतो. बाण्याच्या एका धाग्याला एक कार्ड. चारशेच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जेकार्डच्या कार्डावर आठ छिद्रांच्या एक्कावन्न ओळी, म्हणजे ४०८ जागा असतात. प्रत्येक जागेला दोनच उत्तरे, भोक आहे किंवा नाही. लिआँ शहरातल्या जोसेफ मारी जेकार्डने हे यंत्र १८०४ च्या सुमारास पुढे आणले. १८३९ मध्ये त्याचेच चित्र रेशमात विणले गेले, त्याला सुमारे २४,००० कार्डे लागली. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजने आपल्या घरी लावली होती आणि आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना त्याने येथूनच घेतली. म्हणजे संगणकाचे आजोळ मागाच्या घरी आहे, असे आम्ही सोलापूरकरांनी अभिमानाने म्हणायला हरकत नाही.

पण माझा मुद्दा इतिहासाचा नाही. मुद्दा अण्णांच्या एका प्रश्नाचा आहे. कोणीही नवी नक्षी घेऊन आले की ती न पाहताच ते विचारीत, "माग कोणता?" लहानपणी मला हे विचित्र वाटे. मोर तो मोर. मागाशी त्याचा काय संबंध? संबंध असा की कार्डावर दोन प्रकारची छिद्रे असतात. काही कापडासाठी : त्यांत मोर असतो. काही यंत्रासाठी : सिलिंडरच्या खुंट्यांत कार्ड नेमके बसावे म्हणून टोकांची मोठी छिद्रे, दोरी ओवायची छिद्रे, आणि शेजारी लिहिलेला अनुक्रमांक. (सिलिंडर हे नाव कोणी ठेवले न कळे, तो चांगला चौकोनी असतो.) छिद्रांमधले अंतर एका जातीच्या जेकार्डला एक, दुसऱ्या जातीला दुसरे. काही जेकार्डांना सुटी कार्डे चालतच नाहीत, अखंड कागदाची गुंडाळी लागते. काही जेकार्डांना दोन सिलिंडर असतात. त्यांच्यासाठी विषम क्रमांकाच्या कार्डांची एक माळ आणि सम क्रमांकाच्या कार्डांची दुसरी, अशा दोन माळा कराव्या लागतात. मोर एकच, त्यातली मानेची बाक तीच, पण माग बदलला की कार्डाची बांधणी बदलते. चुकीच्या बांधणीचे कार्ड चढवले तर माग नक्षी चुकली असे म्हणत नाही. तो नुसता अडतो, नाहीतर भलतेच विणतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी जुने घर रिकामे करायचे ठरले. माझी थोरली बहीण आली होती. माळ्यावरून कार्डांच्या दोन माळा खाली आल्या. अण्णांनी पंच केलेली ती शेवटची नक्षी; चादरीवरचा मोर. ज्या मागासाठी ती केली तो माग केव्हाच भंगारात गेला होता. रद्दीवाला दारात उभा राहून किलोचा भाव सांगत होता. बहीण काहीच बोलत नव्हती. मी त्याला दोन दिवसांनी यायला सांगितले आणि माळा बैठकीच्या खोलीत भिंतीला लावून ठेवल्या.

त्याच आठवड्यात बहिणीच्या मुलाचे प्रात्यक्षिक होते. तो येथेच अभियांत्रिकीला आहे आणि परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे राहायला येतो. रात्री अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तर हा लॅपटॉपपुढे डोके धरून बसलेला.

"काय झालं रे?"

"मामा, प्रोग्रॅमच चुकलाय सगळा. पहिल्यापासून लिहायला पाहिजे."

प्रोग्रॅम काय, तर काही संख्यांची बेरीज करून उत्तर पडद्यावर छापायचे. छापण्याचे काम त्याने सी भाषेच्या तयार 'प्रिंटएफ' या कार्यावर सोपवले होते. यंत्रात लिनक्स होते, असेंब्लर 'नॅस्म' या नावाचा. असेंब्लर म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या सूचना घेऊन त्यांचे यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम; आमच्या अण्णांचे काम म्हणा ना, चौकटीचा कागद वाचून भोके पाडायचे.

त्याने सांगितलेली हकिकत अशी. प्रथम त्याने असेंब्लरला कोणताच फॉर्मॅट सांगितला नाही. असेंब्लरने तक्रार केली की बायनरी फॉर्मॅटला बाहेरच्या नावांचा आधार नाही. मग एका वरच्या वर्गातल्या मुलाच्या जुन्या वहीतून त्याने आज्ञा उतरवली, तीत फॉर्मॅट होता 'ईएलएफ'. आता जवळजवळ प्रत्येक ओळीवर तक्रार आली की ही सूचना ३२ बिटांच्या पद्धतीत चालत नाही. याने काय करावे? याने त्या सूचनाच बदलायला घेतल्या. जेथे जेथे 'आरएएक्स' हे ६४ बिटांचे रजिस्टर होते तेथे तेथे 'ईएएक्स' हे ३२ बिटांचे घातले. तासाभराने असेंब्लर गप्प झाला, ऑब्जेक्ट फाईल निघाली, याला आनंद झाला. ती फाईल पुढे लिंकरकडे दिली तर लिंकर म्हणाला की आलेल्या फाईलची यंत्ररचना आय-३८६ ची आहे, ती माझ्या ६४ बिटांच्या फलिताशी जुळत नाही. आता हा सगळे पुसून नव्याने लिहिण्याच्या बेतात होता.

मला असेंब्ली येत नव्हती; आजही चार अक्षरांपलीकडे येत नाही. पण वाक्य वाचता येते. मी त्याला त्या तीन तक्रारी मोठ्याने वाचायला लावल्या आणि वर्गात विचारतो तसे विचारले, "या वाक्यांत कर्ता कोण?" पहिल्या वाक्याचा कर्ता 'फॉर्मॅट'. दुसऱ्यात ठपका सूचनेवर दिसतो, पण त्याला अट जोडलेली आहे : '३२ बिटांच्या पद्धतीत'. ही पद्धत कोणी मागितली होती? तिसऱ्याचा कर्ता 'आलेल्या फाईलची यंत्ररचना'. बेरीज चुकली असे एकही वाक्य म्हणत नव्हते. तिघेही एकच विचारीत होते, आणि भिंतीला लावलेल्या माळांकडे पाहताना मला ते अण्णांच्या आवाजात ऐकू आले : माग कोणता?

सुदैवाने त्याने पहिली प्रत ठेवली होती. ती पुन्हा घेतली, फॉर्मॅट 'ईएलएफ ६४' असा सांगितला, आणि असेंब्लरने एक अक्षर न बोलता फाईल काढली. लिंकरने आणखी एक हरकत घेतली. हल्ली लिनक्सवर प्रोग्रॅम स्मृतीत कोठेही ठेवता येईल अशा तऱ्हेने बांधण्याची रीत आहे, तिच्यामुळे ती आली आणि एका जादा सूचनेने मिटली. तिच्यात शिरत नाही. बाराच्या आत पडद्यावर बेरीज आली. ती पहिल्यापासून बरोबरच होती.

पुढचे काही आठवडे त्याने मला ऑब्जेक्ट फाईल समजावली आणि मी ती माझ्या भाषेत लावून घेतली. ती येथे देतो. त्यासाठी दुसरीकडे जायला नको, तुमच्या हातातला हा अंकच घ्या.

वार्षिक अंकाला वीसपंचवीस लोक लेख देतात. प्रत्येकाचा लेख सुटा येतो. काहींनी मराठीत लिहिलेले, काहींनी हिंदीत, इंग्रजीत, कन्नडमध्ये. छापताना आम्ही लेखकवार छापत नाही. सगळे मराठी एकत्र, सगळे कन्नड एकत्र, असे विभाग पाडतो. ऑब्जेक्ट फाईल म्हणजे असा एक सुटा लेख. तिच्यातही विभाग असतात : यंत्राच्या सूचनांचा एक, आरंभीच किंमत ठाऊक असलेल्या माहितीचा दुसरा, आणि नुसत्या राखून ठेवायच्या रिकाम्या जागेचा तिसरा. हा तिसरा मोठा मौजेचा. छायाचित्रांसाठी आठ पाने कोरी सोडा, असे आम्ही छापखान्याला कळवतो, आठ कोरी पाने बांधून पाठवीत नाही. तसे फाईलमध्ये फक्त किती जागा हवी तो आकडा असतो. लिंकर हा संपादक. तो सगळ्या फाईलींतले सारखे विभाग एकत्र करतो.

आता समजा, एखाद्या लेखकाने मजकुरात लिहिले, 'याच अंकातील अमक्यांचा लेख पाहा, पान —'. पानाचा आकडा त्याला ठाऊक असणे शक्यच नाही. अंक लागेपर्यंत मलाही नसतो. तो जागा कोरी सोडतो आणि समासात खूण करतो की येथे आकडा भरणे आहे. माझ्या भाच्याच्या फाईलमध्ये 'प्रिंटएफ' ही अशी कोरी जागा होती. ते कार्य त्याच्या फाईलमध्ये नाही. कोठे असेल हे असेंब्लरला कळायला मार्ग नाही. म्हणून असेंब्लर दोन याद्या जोडतो. एक नावांची : माझ्याकडे अमुक नावे आहेत, बाहेरून तमुक हवी आहेत. दुसरी कोऱ्या जागांची : अमुक ठिकाणी तमुक नावाचा पत्ता अमक्या रीतीने भरा. या दुसऱ्या यादीला रिलोकेशन म्हणतात. सूचना, माहिती, या याद्या आणि हे सारे कोठे कोठे आहे ते सांगणारे आरंभीचे पान, हे सगळे ज्या ठरलेल्या क्रमाने व मापाने मांडायचे त्या मांडणीला ऑब्जेक्ट फाईलचा फॉर्मॅट म्हणतात. कापडाची छिद्रे आणि यंत्राची छिद्रे हा भेद येथे पुन्हा भेटतो.

एवढे कळल्यावर पहिली तक्रार उलगडते. बायनरी, म्हणजे 'बिन' या फॉर्मॅटमध्ये नुसते आकडे असतात. ना आरंभीचे पान, ना नावांची यादी, ना कोऱ्या जागांची. मग बाहेरचे नाव नोंदवणार कोठे? नॅस्मला काही न सांगितले तर तो हाच फॉर्मॅट धरतो, ही नवशिक्यांची हमखास ठेच. दुसरी ठेचही नोंदवून ठेवा : नॅस्मच्या बोलीत नुसते 'ईएलएफ' म्हणजे ३२ बिटांचे. वहीतली आज्ञा ज्या काळातली होती त्या काळी ती बरोबर होती.

मग 'बिन' वाईट का? मुळीच नाही. ज्या आकड्यांना कोणी लिंकर, कोणी कार्यप्रणाली भेटणार नाही, त्यांच्यासाठी तोच योग्य. संगणक सुरू होताना डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत जो इवलासा प्रोग्रॅम वाचला जाई, तो असाच उघडा हवा. तेथे सुंदर मुखपृष्ठ घालाल तर यंत्र त्या मुखपृष्ठालाच सूचना समजून चालवू पाहील. जुन्या डॉसमधल्या 'कॉम' फाईलीही अशाच, एका ठराविक जागी, २५६ व्या बाइटापासून, स्मृतीत उतरवल्या जाणाऱ्या. प्रयोगशाळेत ८०५१ सारख्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरताना इंटेलचा 'हेक्स' फॉर्मॅट लागतो. त्यात प्रत्येक ओळ विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होते, तिच्यात किती बाइट आहेत, कोठे ठेवायचे हे लिहिलेले असते आणि शेवटी पडताळ्याचा आकडा असतो, म्हणजे वाटेत काही बिघडले तर कळावे. चिपला एवढेच पुरते.

कार्यप्रणालीवर चालणारा प्रोग्रॅम करायचा असेल तर मात्र तिच्या घरची रीत पाळावी लागते. युनिक्सचा सर्वांत जुना फॉर्मॅट 'ए डॉट आउट'; मग 'कॉफ' आला; मग सिस्टिम फाइव्ह युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीबरोबर 'ईएलएफ'. लिनक्सने १९९५ च्या आसपास ए डॉट आउट सोडून ईएलएफ धरला, आणि २०२२ मध्ये तर जुन्याची उरलीसुरली सोयही गाभ्यातून काढून टाकली. अँड्रॉइडही लिनक्सच्याच गाभ्यावर उभा असल्याने तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आज ईएलएफ फाईली खच्चून भरलेल्या आहेत. विंडोजने कॉफच्या घराण्यातला आपला प्रकार ठेवला. नॅस्मला त्यासाठी 'विन ३२' किंवा 'विन ६४' सांगायचे. अॅपलच्या मॅकचा 'माक-ओ'. टर्बो सी च्या काळातल्या डॉसच्या लिंकरांना 'ओबीजे' हवा असे. यांत श्रेष्ठ कोण, असा वाद मुले घालतात. मला तो फोल वाटतो. घेणारा कोण, हे ठरले की निवडायला फारसे काही उरतच नाही.

आलेली फाईल कोणत्या जातीची हे ओळखायचे कसे? ईएलएफ फाईलचा पहिला बाइट १२७, आणि मग इंग्रजी अक्षरे ई, एल, एफ. पाचवा बाइट १ असेल तर ३२ बिटांची, २ असेल तर ६४ बिटांची. माझ्या भाच्याचे सारे रामायण या एका बाइटाचे. लिनक्सवर 'फाईल' नावाची एक आज्ञा आहे, ती हे वाचून साध्या इंग्रजीत सांगते. प्रोग्रॅमला हात लावण्यापूर्वी ती एकदा द्यावी, असा माझा, न-संगणकवाल्या माणसाचा, आग्रहाचा सल्ला आहे.

एका भ्रमात मात्र राहू नये. फॉर्मॅट बदलला म्हणजे मजकुराचे भाषांतर होत नाही. भाच्याचा एक मित्र लिनक्सवर चाललेला तोच प्रोग्रॅम घरी विंडोजवर घेऊन गेला, 'विन ६४' सांगितले, ऑब्जेक्ट फाईल विनातक्रार निघाली, लिंकरनेही जोडली, आणि प्रोग्रॅम चालताक्षणी कोसळला. कारण पाहुण्याला पाट कोठे मांडायचा, याची रीत दोन्ही घरांत वेगळी आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर एखाद्या कार्याला पहिली किंमत द्यायची ती 'आरडीआय' या रजिस्टरमध्ये, विंडोजवर 'आरसीएक्स'मध्ये. कार्य आपल्या ठरलेल्या जागी बघते, तेथे भलताच कचरा असतो. नावांचीही गंमत आहे : मॅकवर सी भाषेतल्या नावामागे खाली एक रेघ लागते, ३२ बिटांच्या विंडोजवरही लागते, लिनक्सवर लागत नाही. अशी रेघ विसरली तर लिंकर म्हणतो की या नावाचे कोणी येथे राहत नाही. या गोष्टी असेंब्लर दुरुस्त करणार नाही. अण्णाही चौकटीच्या कागदावर चुकलेला डोळा पाहून स्वतःच्या मनाने भोक पाडीत नसत. नक्षीकाराकडे परत पाठवीत.

प्रात्यक्षिक पार पडले. सुटीत भाचा म्हणाला, "मामा, ही कार्डं आपण वाचू या." रद्दीवाल्याला आम्ही कायमचे परत पाठवले. एकेक कार्ड पांढऱ्या कापडावर ठेवून मोबाइलने छायाचित्र काढायचे, भोक असेल तेथे एक, नसेल तेथे शून्य, असे त्याने एका लहानशा प्रोग्रॅमकडून लिहवून घेतले. बहीण कार्डे पुसून देई. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्डला कार्डे लागत नाहीत, संगणकाची फाईल लागते. पहिले चालणारे तसे यंत्र बोनास कंपनीने १९८३ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात मांडले होते. ओळखीच्या एका कारखानदारांनी नमुना विणून पाहायला परवानगी दिली. आम्ही मोठ्या ऐटीने चित्राची फाईल घेऊन गेलो. तिथल्या मुलाने ती उघडलीदेखील नाही. त्याने विचारले, "ईपी पाहिजे का जेसी फाइव्ह? कुठल्या मशीनवर लावणार?"

मी आणि भाचा एकमेकांकडे पाहत राहिलो.

ईपी हा बोनासच्या नियंत्रकांचा फॉर्मॅट, जेसी फाइव्ह स्टॉब्लीच्या. चित्रात फक्त मोर असतो. बाण्याचा रंग केव्हा बदलायचा, काठ कोणत्या हुकांनी विणायचा, हे यंत्राला हवे असलेले चित्रात नसते. ते या फाईलींत असते. त्या मुलाने आमची चारशे हुकांची नक्षी आपल्या यंत्राच्या हुकांवर बसवली, बाकीची माहिती भरली आणि योग्य ती फाईल काढली. फाईल यंत्राने निमूटपणे घेतली. माग सुरू झाला, आणि मोराच्या जागी एकावर एक असे दोन चपटे मोर निघाले. कापडही धड नव्हते. सोलापुरी चादर दुपदरी असते, तर येथे एकाच पदराचे विणकाम होऊन दुसऱ्याचे धागे मोकळे लोंबत होते.

यात दोष ना कारखान्याचा ना त्या मुलाचा. दोष माझा. दोन सिलिंडरांच्या दोन माळा. आम्ही आधी सगळी विषम कार्डे वाचली आणि तिच्याखाली सगळी सम. एक, दोन, तीन असा क्रम लावलाच नव्हता. पडद्यावर ती नुसती ठिपक्यांची रांगोळी दिसत होती आणि तीत मोर बघण्याइतके आमचे डोळे तयार नव्हते. लहानपणी ज्याने शेकडो माळा ओवल्या त्याने हे विसरावे! फॉर्मॅट अचूक होता, म्हणून तर यंत्राने आमची चूक इतक्या इमानाने विणून दिली. वाया गेलेल्या सुताचे पैसे मी देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत.

दुसऱ्या खेपेला क्रम लावताना आणखी एक गोष्ट उघड झाली. सम माळेतले २१२ क्रमांकाचे कार्ड नव्हते. दोरी तेथे जुनीच गाठ मारून जोडलेली होती, म्हणजे ते अण्णांच्या काळातच फाटून गेले असावे आणि नवे करायचे राहून गेले असावे. बहिणीने माळा पालथा घातला, सापडले नाही. भाच्याने सुचवले की त्याच पदराचे आधीचे, म्हणजे २१०, तेथे पुन्हा वापरावे. तसे केले. नमुन्याची ती चादर आता बहिणीकडे आहे. मोराच्या मानेला जेथे बाक सुरू होते तेथे एक धागा किंचित सरळ गेलेला दिसतो, पण तो दाखवल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.